पाचवीची रात्र आणि आईची लस



बाळाची पाचवी आपण आजही पुजतो. सटवाई येते, कपाळी नशीब लिहिते, असं म्हणतो. आपल्या आज्यांना त्या रात्रीचा धाक वाटायचा, आणि तो उगाच नव्हता. चांगलं दूध ओढणारं बाळ तीन-चार दिवसांनी ओढेनासं व्हायचं. जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं, बाळ हातचं जायचं. तो धनुर्वात होता. विळ्यानं नाळ कापली, वर राख-शेण लावलं, की त्यातले जंतू बाळाच्या अंगात शिरायचे. १९८८ साली जगात पावणेआठ लाखांहून जास्त बाळं अशी गेली.

मग लस बाळाला न देता आईला का? कारण लस टोचल्यावर अंगात ताकद यायला आठवडे लागतात, आणि हा रोग पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच गाठतो. आईच्या अंगात तयार झालेली ताकद वारेतून पोटातल्या बाळाला मिळते. १९६१ साली न्यू गिनी बेटावरच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. एका इंजेक्शनानं भागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आपल्याकडे १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यात गरोदर बाईची ही लस होती. पुढे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, गावोगावी आशाताई आल्या. २०१५ साली भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा रोग. जंतू मात्र मातीत आहेतच, म्हणून लस थांबत नाही. २०१९ पासून तिच्यात घटसर्पाचीही लस आहे. तिला टीडी म्हणतात.

पहिला डोस दिवस गेल्याचं कळताच, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या तीन वर्षांतल्या गरोदरपणात दोन्ही झाले असतील, तर एकच बूस्टर. छत्तीस आठवड्यांच्या आत घ्यावा. उशीर झाला तरी घ्यावाच.

आपल्या सोलापुरात दसरा-दिवाळीला ऊसतोड सुरू होते. पहिला डोस गावात होतो, दुसऱ्याच्या वेळी बाई फडात असते. म्हणून कार्ड बोचक्यात बांधून न्या, आणि जिथे कोपी पडेल तिथल्या आशाताईला दाखवा. आपल्या शिवारात कोप्या पडल्या, तर गटातल्या दोघींनी जाऊन विचारायचं, "बाई, दुसरा डोस झाला का?"

पाचवी पुजूच. पण त्या रात्रीचा धाक आता नको.