चोपण जमीन
चोपण जमीन म्हणजे सामू साधारणतः ८.५ हून अधिक आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असलेली अल्कधर्मी जमीन होय. महाराष्ट्रात कृष्णा खोऱ्यातील सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत अतिरिक्त सिंचन आणि अपुरा निचरा यांमुळे क्षारपड व चोपण जमिनी आढळतात.

सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात व मुळांना हवा-पाणी मिळत नाही. उच्च सामूमुळे लोह, जस्त आणि मंगल ही द्रव्ये जमिनीत असूनही अविद्राव्य राहतात. परिणामी कोवळी पाने शिरांमधील भागात पिवळी पडतात. अमोनियायुक्त खतांतील नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो. उपयुक्त जिवाणू व गांडुळे घटतात. त्यामुळे केवळ खतांची मात्रा वाढवून उत्पादन सुधारत नाही.

जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. मात्र सुटलेले सोडियम पाण्यावाटे निचरून गेले नाही, तर ही सुधारणा टिकत नाही.