जुन्या पिनबॉलपेटीला नवा रंग देताना
शिकागोच्या गॉटलीब, विल्यम्स, बॅली या कंपन्यांच्या १९६० व १९७०च्या दशकांतील पिनबॉल यंत्रांच्या लाकडी पेट्यांवर बहुधा फिकट अस्तर देऊन, त्यावर स्टेन्सिल धरून दोन-तीन रंग फवारलेले असत. पेटी एकदा घासली की ही नक्षी कायमची जाते. म्हणून पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वीच ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यावी. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८मध्ये बंदी आली. त्याआधीचा थर कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते. तो ओलसर ठेवून, योग्य मास्क लावूनच काढावा.

रंग कोणता, हा प्रश्न वेळेचाही आहे. लॅकर झटपट वाळतो, एनॅमलला दिवस लागतात; मात्र अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर लॅकर फवारला तर खालचा थर सुरकुततो. ब्रशच्या रेघा इथे विसंगत दिसतात, तेव्हा पातळ फवारेच बरे. मूळ स्टेन्सिल घट्ट चिकटवलेले नसल्याने रंगांच्या कडा किंचित धूसर असत. चिकटपट्टीने साधलेली काटेकोर रेघ म्हणूनच परकी वाटते. मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल, तर खरचटलेल्या जागा तेवढ्या भरून थांबणे अधिक शहाणपणाचे.