मास्तरीणबाईंची मनीऑर्डर

कुणाचा नवरा गेला, घरात मिळवतं कुणी उरलं नाही, की आपण मंडळातल्या बायका आधी शिलाई मशीनसाठी वर्गणी काढतो. चांगलंच आहे ते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या कामात पडलेल्या बायकांनी विधवेच्या हातात पहिल्यांदा पुस्तक दिलं, आणि त्यामागे पक्का हिशेब होता.

त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेचा हक्क तो काय? अन्नवस्त्र. नवऱ्याचा हिस्सा दीर-पुतण्यांकडे. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा उरलासुरला हक्क संपायचा. मिळकतीत वाटा मिळाला १९३७ साली, तोही हयातीपुरता. पूर्ण मालकी यायला १९५६ चा वारसा कायदा यावा लागला. तोवर ज्याच्या घरी जेवायचं त्याच्या घरी राबायचं, आणि मुलाबाळांसकट मिंधं राहायचं. पगार मिळवणारी बाई तेवढी यातून सुटू शकत होती.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, देवरुखच्या जोशांची लेक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं, ती आनंदीबाई झाली, आणि कर्व्यांवर मुरूडात बहिष्कार पडला. त्याच साली सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून गवगवा उठला, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली परत नेल्या. मग १८९६ मध्ये कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडीत तो भरू लागला.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य, पदरी मुलगा. त्या आश्रमाशी जोडल्या गेल्या, शिकल्या आणि मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ मध्ये तर थेट अमेरिकेला गेल्या! इंग्रजी बेताचंच. तिथे परक्या घरी घरकाम करून पोट भरलं. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

रमाबाई रानड्यांना १९०१ मध्ये वैधव्य आलं. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. शिक्षिकांच्या जोडीला नर्सचं शिक्षण, तेही ससून इस्पितळात. सोवळ्यातल्या घरची विधवा रात्रपाळीला जाणार, परक्या माणसाच्या जखमा धुणार! कुणाच्या सासूने ते मुकाट्याने ऐकून घेतलं असेल? मला तर बाळंतपणं, जखमा, रात्री जागणं हे शिकायला गेलेल्या त्या मुलींचंच जास्त कौतुक वाटतं. भाषणं करणाऱ्यांची नावं राहतात, त्यांची राहिली नाहीत.

आता आपल्याकडचं. जैन घरातली विधवा हिंगण्याला किंवा सेवासदनात सहजी जाईना. अडचण स्वयंपाकघराची. सूर्यास्ताआधी जेवण, गाळलेलं पाणी, कांदा-बटाटा वर्ज्य, पर्वाचे उपास. कोण सांभाळणार हे सगळं? म्हणून श्राविकाश्रम निघाले. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद यांची कन्या मगनबाई, स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या. सोलापुरात कंकुबाई, आणि पुढे पंडिता सुमतीबाई शहा. १८९९ मध्ये आपल्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. त्या समाजजागृतीचाही या कामाला टेकू मिळाला.

या आश्रमांत धर्माचा अभ्यास असायचा आणि असायलाच हवा. पण स्पष्ट बोलते. जी नुसती पाठ म्हणायला शिकली, ती व्रतं घेऊन पुन्हा भावाच्याच दारात आली. जिने पाठाबरोबर परीक्षा दिली, तिला बाहेरची वाट सापडली.

आमच्या नात्यातल्या एक आत्या श्राविकाश्रमात राहून सातवी फायनल झाल्या आणि चिकोडीकडच्या एका खेड्यात मास्तरीण म्हणून लागल्या. दोन्ही मुलं भावाकडे होती. पगार झाला की पहिली मनीऑर्डर तिकडे. त्या हसून सांगायच्या, “बाई गं, मी जेव्हा जेव्हा सुट्टीत जाई, तेव्हा पोरांच्या ताटाकडे बघत असे. आधी त्यांना कोरडी भाकरी. मनीऑर्डर सुरू झाली आणि पुढच्या दिवाळीला बघते तर भाकरीवर तूप.” वहिनीबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. तिच्याही घरात सहा तोंडं होती, म्हणायच्या.

मुलं मोठी झाल्यावर त्यांनी त्यांना आपल्याकडे नेलं, खेड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन. दिवस असताना जेवायचा नेम त्यांनी शाळेच्या वेळा सांभाळून शेवटपर्यंत पाळला.