मार्कंडा मंदिरसमूह : संरक्षण, नोंद आणि मूल्यमापन

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्राचीन वास्तूंचा काळ, राजवंश आणि शिल्पशैली यांवर बरेच लेखन झाले आहे. मात्र एखादी वास्तू ‘संरक्षित’ म्हणून घोषित झाल्यानंतर तिच्या स्थितीत काय फरक पडला, याचा मागोवा क्वचितच घेतला जातो. प्रस्तुत लेखात चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा मंदिरसमूहाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. सिंदेवाही, मूल, सावली या भागांतील भाविक महाशिवरात्रीला वैनगंगा ओलांडून ज्या क्षेत्री जातात, तेच हे स्थळ. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते आणि स्थानाचे पावित्र्यही त्यामुळेच मानले जाते.

अलेक्झांडर कनिंगहॅम याने 1873-74 च्या दौऱ्यात हा समूह पाहिला. त्याचा वृत्तान्त सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात 1879 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 196 फूट लांब व 118 फूट रुंद अशा प्राकाराच्या आत लहानमोठी वीसहून अधिक मंदिरे त्याने नोंदविली आणि मुख्य मंदिराच्या शिल्पांची तुलना खजुराहोशी केली. विदर्भात कोणत्याही जुन्या दगडी मंदिरास ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. मार्कंडा त्या वर्गात बसत नाही, हे या तुलनेवरूनच स्पष्ट व्हावे. मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज पडून वरचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत दुरुस्ती झाली, अशी परंपराही नोंदलेली आहे. म्हणजे आज जे मंदिर दिसते, ते मूळ रचना व गोंडकालीन डागडुजी यांचे मिश्रण आहे. त्याचे मूल्यमापन करताना यातील कोणती अवस्था प्रमाण मानावी, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मूल्यमापन म्हणजे अखेर दोन काळांतील स्थितींची तुलना होय. पहिली नोंद ढोबळ असेल तर दुसरी कितीही काटेकोर असली तरी निष्कर्ष निघत नाही. कनिंगहॅमचे वर्णन विद्वत्तापूर्ण खरे. पण भेगेची रुंदी, खांबाचा कल किंवा पायाजवळची ओल या बाबी त्याच्या जिज्ञासेचा विषय नव्हत्या. हेन्री कझिन्सने 1897 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची यादी केली, तीही मुख्यतः स्थळांची यादी आहे. पुढे 1904 चा प्राचीन स्मारक परिरक्षण कायदा आला, 1958 चा केंद्रीय आणि 1960 चा महाराष्ट्राचा अधिनियम आला. 2010 च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकाभोवती 100 मीटरचे निषिद्ध आणि त्यापलीकडे 200 मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरविले. कायद्याने वास्तूभोवतीची सीमा अशी मीटरमध्ये सांगितली. वास्तूची प्रकृती मात्र अशा मापाने कोणी सांगितली नाही.

ही उणीव एकट्या मार्कंड्याची नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या 2013 च्या अहवालानुसार संयुक्त पाहणी केलेल्या 1655 केंद्रीय स्मारकांपैकी 92 जागेवर सापडली नाहीत. स्मारकांच्या नेमक्या संख्येचाही विश्वसनीय माहितीसाठा नसल्याचे त्यात नमूद आहे. नंतर काहींचा शोध लागला. तरी डिसेंबर 2022 मध्ये संसदीय समितीसमोर 50 स्मारके नाहीशी झाल्याची माहिती आली. त्यांपैकी 14 शहरीकरणात गेली, 12 जलाशयांखाली बुडाली आणि 24 चा पत्ताच लागत नव्हता. एकूण 3693 स्मारकांपैकी केवळ 248 ठिकाणी रक्षक होते. जागतिक वारसास्थळांना साधारण सहा वर्षांनी नियतकालिक अहवाल द्यावा लागतो. वैनगंगेकाठच्या मंदिरावर तशी बाहेरची नजर नाही.

यादीबाहेर राहिलेल्या वास्तूंची कथा आणखी वेगळी. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास ‘तुकूम’ म्हणून जमीन मिळे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी पट्ट्यातील तलावांमागे ही व्यवस्था आणि कोहळी समाजाचे बांधकौशल्य आहे. पुढे ते ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून शासकीय दप्तरात आले. तेथे सिंचनक्षमता मोजली जाते, पाळीचे वय कोणी विचारत नाही.

मार्कंड्याकडे परत वळता, गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुख्य मंदिराचा वरचा भाग उतरवून पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले आणि ते दीर्घकाळ रेंगाळले. अशा कामात उतरविलेल्या प्रत्येक दगडावर क्रमांक हवा, त्याचे रेखाचित्र व छायाचित्र हवे. अन्यथा दगड राहतो, पण त्याची जागा हरवते. गोंडकालीन दुरुस्तीचे दगड कोणते आणि मूळचे कोणते, हा भेदही याच टप्प्यावर नोंदविता येतो. एकदा रचना पूर्ण झाली की तो शोधणे दुष्कर होते. शिवाय हे पूजेतील मंदिर आहे. यात्रेतील गर्दी, अभिषेकाचे पाणी, तेल व धूर यांचा दगडावरील परिणाम यात्रेपूर्वी आणि यात्रेनंतर अशा दोन नोंदींखेरीज कळणार नाही. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी सर्वेक्षणाच्या परवानगीने ठरावीक कोनांतून छायाचित्रे घेतली, पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस तीच जागा पुन्हा पाहिली आणि तारखेसह नोंदवही ठेवली, तरी कनिंगहॅमनंतरची रिकामी जागा काही अंशी भरू लागेल.