कोंबड्याचा बाजा

आमच्या आजीच्या बोलण्यात 'कोंबड्याचा बाजा' असा एक शब्द अधूनमधून यायचा. "तुझ्या पणजोबाच्या वेळंला कोंबड्याचा बाजा होता घरात," असं ती म्हणायची आणि आम्ही लेकरं फिदीफिदी हसायचो. कोंबडा आरवतो, तो बाजा कशाला वाजवील?

आमचं घराणं मूळचं लातूरचं. पणजोबांची मोंढ्यात आडत होती. पुढे आजोबा नोकरीनिमित्त नांदेडला आले आणि आम्ही नांदेडचे झालो. तो बाजा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही, कधीतरी भंगारात गेला म्हणे. उरली होती ती एक जाड, जड, काळी तबकडी. तिच्यावर कागदी लेबल नव्हतं, मधल्या भागात अक्षरंच कोरलेली होती. ती आम्हाला वाचता यायची नाहीत.

आजोबांचा स्वतःचा ग्रामोफोन होता, पेटीवजा, हिज मास्टर्स व्हॉइसचा, चावीचा. त्यावर बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर ऐकतच आम्ही मोठे झालो. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी ती जुनी तबकडीही लावून बघायचंच. कडेला सुई टेकवली की ती आत जायच्या ऐवजी बाहेरच घसरायची आणि तबकडीवरून खाली पडायची. आवाज म्हणाल तर नुसती खरखर. "काय करायलास रे? मुकी हाय ती!" आजी स्वयंपाकघरातून ओरडायची. 'मुकी तबकडी' हे नाव मग कायमचं चिकटलं.

ती मुकी नव्हती हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

झालं असं, की पुण्यात एका स्नेह्यांकडे जुन्या तबकड्यांचा संग्रह बघायला गेलो होतो. (हा छंद असलेली माणसं आपल्याकडे बरीच आहेत. १९९०च्या सुमारास मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही त्यांची संस्था उभी राहिली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिकही निघालं.) बोलता बोलता मी आमच्या मुक्या तबकडीचं वर्णन केलं. ते हसले आणि त्यांनी कपाटातून एक जुनं चित्र काढलं. त्यावर मान ताणून उभा असलेला कोंबडा होता!

तो कोंबडा पॅरिसच्या पाथे कंपनीचा. शार्ल आणि एमिल ह्या दोघा पाथे बंधूंनी १८९४च्या सुमारास एडिसनच्या फोनोग्राफपासून धंद्याला सुरुवात केली. जत्रेत फोनोग्राफ न्यायचा आणि पैसे घेऊन लोकांना ऐकवायचा. आपल्या माळेगावच्या जत्रेत असं काही आलं असतं, तर खंडोबाच्या दर्शनाइतकीच रांग तिथेही लागली असती. पुढे त्यांनी स्वतःची यंत्रं काढली, सिनेमाच्या धंद्यातही उतरले, आणि कोंबडा जगभर पोचला.

तसं पाहिलं तर आवाज धरून ठेवण्याच्या कल्पनेत फ्रेंच आधीपासूनच पुढे होते. एदुआर-लिऑं स्कॉट द मार्तेंविल ह्या गृहस्थाने १८५७ साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेघा उमटवायचं यंत्र काढलं. आवाज परत ऐकता येईल हे त्याच्या मनातही नव्हतं, त्याला तो फक्त डोळ्यांनी बघायचा होता. त्याने १८६० साली काढलेल्या रेघांमधून २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या मदतीने गाणं ऐकवलं. १४८ वर्षं तो कागदही 'मुका'च होता की!

पाथेची तबकडी १९०५-०६च्या सुमारास आली, आणि इथेच आमच्या घरातलं कोडं सुटतं. इतर कंपन्यांच्या तबकड्यांत खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते आणि सुई आडवी हलते. पाथेच्या खाचेत चढ-उतार असतात, आडत्याच्या भाषेत सांगायचं तर बैलगाडीने बालाघाटचा रस्ता चढावा-उतरावा तसे. तिला टोकदार पोलादी सुई चालत नाही, गोल घासलेला नीलमण्याचा बारीक खडा लागतो. ह्या खड्याची मोठी जाहिरात असायची, कारण पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते आणि हा खडा वर्षानुवर्षं टिकतो. वेगही जास्त, मिनिटाला साधारण ९० फेरे. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे, सुरुवातीच्या वर्षांत ही तबकडी मधून सुरू होऊन कडेला संपायची. म्हणून आमची सुई बाहेर पळायची. ती बिचारी बरोबरच चालली होती, उलटे आम्ही होतो.

ह्या तबकड्या हिंदुस्थानातही आल्या. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस नावाचे हरहुन्नरी उद्योजक होते, कुंतलीन तेलवाले. ते नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करायचे आणि पाथेकडून त्याच्या तबकड्या करून घ्यायचे. रवींद्रनाथांच्या स्वतःच्या आवाजातलं 'वंदे मातरम्' ह्याच वाटेने तबकडीवर उतरलं. आणि ह्या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती लाख जगाला पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. म्हणजे पळस-कुसुंबाच्या फांदीवरची लाख बोटीने युरोपात जायची आणि गाणं होऊन परत यायची.

पणजोबांनी बाजा नेमका कुठून आणला हे सांगणारं आता कुणी नाही. मुंबईला कापसाच्या व्यवहारासाठी त्यांचं जाणं-येणं होतं, तिथूनच आणला असावा. १९११ साली बार्शी लाइटची छोटी गाडी लातुरापर्यंत आली, त्यामुळे मुंबईचा माल मोंढ्यात येणं सोपं झालं होतं. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर शिपायाने त्या भोंग्याकडे कसं बघितलं असेल, ह्याची कल्पना करून मी अजूनही हसतो.

असो. २०११ साली ती तबकडी पंचात गुंडाळून मी पुण्याला नेली. स्नेह्यांनी खडा बसवला, वेग वाढवला आणि मधल्या बाजूला अलगद टेकवला. आधी कुणी पुरुष फ्रेंचमध्ये काहीतरी जाहीर करतो. मग लष्करी बँड! खणखणीत. पणजोबांच्या बैठकीत वाजलेला तोच बँड. मी तोंडावर हात धरून बसलो होतो.

मिनिटभर वाजला असेल. मग खडा कडेच्या भागाकडे सरकला आणि खरखर सुरू झाली. पुढे काहीच नाही. स्नेही भिंगातून बघत हळूच म्हणाले, "इथे पोलादी सुई बरीच फिरलीये हो." दर दिवाळीला आम्ही कडेला सुई टेकवत होतो ना, तिने तेवढा भाग खरवडून काढला होता. तबकडी मुकी आहे का हे तपासता तपासता आम्हीच तिला अर्धी मुकी केली.

परतीच्या गाडीत मला आजोबांची लोखंडी पेटी आठवत राहिली. तिच्यात पणजोबांच्या मोडीतल्या खातेवह्या होत्या आणि निजामाच्या कचेऱ्यांतले उर्दू कागद. १७ सप्टेंबर १९४८ नंतर उर्दूचा कारभार गेला, मोडी शाळेतून गेली. आजोबा दोन्ही वाचायचे, वडील थोडंफार, मी अजिबात नाही. आजोबांच्या माघारी "हे कुणाला वाचता येतंय?" म्हणत त्यातलं निम्मं आम्ही रद्दीत घातलं. तेव्हाही कागद मुके नव्हते. आमच्याकडे योग्य खडा नव्हता, एवढंच.

आजोबांचा ग्रामोफोन मात्र राहिला नाही. तो आत्याकडे औसा तालुक्यात दिलेला होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तिचं दगडमातीचं घर बसलं. आत्या वाचली. ग्रामोफोनची चौकशी करायची ती वेळच नव्हती, आणि नंतर कुणी केलीही नाही. मुकी म्हणून नांदेडला अडगळीत ठेवलेली तबकडी तेवढी राहिली.

आता जरा कामाचं. तुमच्या माळ्यावर जुनी तबकडी असेल तर 'लावून बघू' म्हणून लगेच सुई टेकवू नका. कागदी लेबल नसून अक्षरं कोरलेली असतील तर आधी जाणकाराला विचारा. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. आणि चकचकीत पितळी भोंग्याचे जे 'अँटिक' ग्रामोफोन बाजारात मिळतात, त्यातले बरेचसे जुन्या-नव्या भागांची जुळवाजुळव असतात. शोभेला ठीक आहेत, पण त्यांची जाड सुई तुमच्या आजोबांच्या तबकडीवर चालवू नका.

आमची तबकडी आता माझ्या कपाटात उभी ठेवलेली आहे. त्या मिनिटभराचं ध्वनिमुद्रण करून घेतलंय, भाचरांनी मागितलं तर पाठवतो. आजी ते ऐकायला नाही, ही एक रुखरुख राहिली. तिचा कोंबडा खरोखरच वाजत होता.