फर्मवेअर आणि बदललेली ड्राइव्ह

संगणक सुरू होताच यंत्राचे भाग तपासून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती कारभार सोपवणारी, मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये ती रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली असल्याने बदलायची तर चिपच बदलावी लागे. पुढे फ्लॅश मेमरीमुळे ती जागच्या जागी नव्याने लिहिता येऊ लागली, पण त्याच सोयीचा फायदा घेऊन 1998 मध्ये आलेल्या सीआयएच विषाणूने असंख्य मदरबोर्ड निकामी केले. फर्मवेअरचे अपडेट तेव्हा बहुधा फ्लॉपीवरून होई, त्यामुळे आतली हार्ड डिस्क मूळची आहे की नंतर बसवलेली, हा प्रश्नच नसे.

ॲपलने 2006 मध्ये इंटेल प्रोसेसरबरोबर ईएफआय ही फर्मवेअरची नवी पद्धत स्वीकारल्यावर ड्राइव्हचा संबंध जडला, कारण तिच्यात ड्राइव्हवरील सुमारे 200 मेगाबाइटच्या एका लपलेल्या पार्टिशनचा उपयोग अपडेटची फाइल ठेवण्यासाठीही होऊ लागला. डिसेंबर 2014 मध्ये सुरक्षा संशोधक ट्रॅमेल हडसन यांनी थंडरबोल्टच्या वाटेने मॅकचे फर्मवेअर बदलता येते हे दाखवून दिले, आणि 2015 पासून ही अपडेट स्वतंत्रपणे न देता ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातूनच देण्याची प्रथा पडली. तरीही 2017 मध्ये ड्युओ सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने तपासलेल्या 73 हजारांहून अधिक मॅकपैकी सरासरी 4.2 टक्के यंत्रांवर अपेक्षित आवृत्ती नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या हाय सिएरा या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीने एपीएफएस ही नवी फाइल सिस्टिम आणली. जुन्या फर्मवेअरला तिच्यावरून यंत्र सुरू करता येत नसल्यामुळे फर्मवेअरचे अपडेट ही इन्स्टॉलेशनची पूर्वअटच बनली, आणि 2013 ते 2015 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये मूळ एसएसडी काढून दुसऱ्या कंपनीची बसवणाऱ्यांपैकी अनेकांचा इन्स्टॉलर फर्मवेअरच्या पडताळणीपाशीच अडला, कारण ते अपडेट मूळ ड्राइव्हशिवाय होत नसे. उपाय वेळखाऊ असला तरी सरळ होता: तळाचे दहा पाच-पाकळी स्क्रू काढायचे, जुनी ड्राइव्ह परत बसवून तिच्यावर नवी सिस्टिम टाकायची आणि मगच नवी ड्राइव्ह जोडायची. जुनी ड्राइव्ह विकून बसलेल्यांची मात्र पंचाईत झाली. यातला विरोधाभास असा की बाजारात सहज मिळणाऱ्या एनव्हीएमई ड्राइव्ह या यंत्रांत ॲडॅप्टर लावून वापरता येऊ लागल्या, त्या हाय सिएरामुळेच. म्हणजे ज्या आवृत्तीने स्वस्त ड्राइव्हचे दार उघडले, तिचीच अट महाग मूळ ड्राइव्ह जपून ठेवायला लावणारी होती. मालकाला याची आगाऊ स्पष्ट सूचना देणे फारसे कठीण नव्हते.

पुढच्या यंत्रांत ही अडचण वेगळ्याच रीतीने संपली, कारण टच बार असलेल्या 2016 च्या मॅकबुक प्रोपासून साठवणुकीच्या चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असल्याने बदलण्याजोगी ड्राइव्ह उरलीच नाही.