नियम पुस्तकाचा की पटाभोवती बसलेल्यांचा? : बुद्धिबळापासून डंजन्स अँड ड्रॅगन्सपर्यंत

१/
सोलापूरच्या दक्षिणेस होटगी हे जंक्शन आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुंद रूळ येथून रायचूरकडे गेला व १८७१ मध्ये तेथे मद्रासच्या मार्गास मिळाला. १८८४ मध्ये विजापूरमार्गे गदगकडे जाणारा दुसरा फाटा निघाला, तो मात्र मीटर गेजचा. एका रुळाची रुंदी १६७६ मिलिमीटर, दुसऱ्याची १०००. एकाची गाडी दुसऱ्यावर चालणे अशक्य. म्हणून होटगीस उतारू गाडी बदलत आणि माल एका वाघिणीतून दुसरीत चढवला जाई. दोन्ही रूळ आपापल्या जागी योग्यच होते. अडचण उभी राही ती फक्त दोघांची गाठ पडे तेथे.

२/
खेळांच्या नियमांचा इतिहासही असाच आहे. खेळ घरात, ओसरीवर, पारावर चालतो तोवर त्याचा नियम त्या घराचा असतो. परगावचा खेळाडू समोर येऊन बसला की पहिला प्रश्न निघतो : नियम कोणाचा? हा प्रश्न महाराष्ट्रातील बुद्धिबळाच्या पटावर जितका खरा होता, तितकाच तो अमेरिकेत जन्मलेल्या कल्पित साहसांच्या खेळातही खरा ठरला. या दोन खेळांत नातेही आहे.

३/
आज शाळेत शिकवले जाते ते बुद्धिबळ युरोपात घडलेले आहे. देशी बुद्धिबळ त्याहून निराळे. त्यात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके. दोन्ही राजे एकमेकांसमोर नसत, तिरके बसत. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा सरसकट वजीर होत नसे; ज्या मोहऱ्याच्या रांगेत ते पोहोचले, ते मोहरे त्यास मिळे. हत्तीच्या रांगेत हत्ती, उंटाच्या रांगेत उंट.

४/
परंतु ‘देशी नियम’ असा एकच नियमसंच कोठेही नव्हता. प्रतिस्पर्ध्याची सर्व मोहरी मारून राजा एकटा उरला, तर काही ठिकाणी डाव बरोबरीत सुटे. म्हणून जिंकणाऱ्याला शेवटचे मोहरे मुद्दाम जिवंत ठेवावे लागे. मारले गेलेले मोहरेच प्याद्याला मिळावे की पटावर असतानाही दुसरे मिळावे, यावरही एकमत नव्हते. एच. जे. आर. मरे यांनी १९१३ च्या आपल्या बुद्धिबळ-इतिहासात हिंदुस्थानातील हे प्रकार नोंदवले; प्रांतागणिक बदलणारे नियम हीच त्या खेळाची ओळख होती. साहजिकच अनोळखी माणसाशी खेळताना आधी नियम ठरवणे हा डावाचाच भाग होता.

५/
या वैविध्याची किंमत कोणी मोजली, हे मीर सुलतान खान यांच्या आयुष्यात दिसते. पंजाबातील हा खेळाडू देशी पद्धतीत तयार झाला. १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. १९३२ व १९३३ मध्ये पुन्हा. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने हरवले. तरी डावाची सुरुवात हे त्याचे कायमचे दुबळे अंग राहिले. प्यादे दोन घरे सरकते आणि किल्लेकोट होतो, अशा खेळातील प्रारंभांचा अभ्यास युरोपीय खेळाडू लहानपणापासून करत. त्याला तो उशिरा करावा लागला. घरचा नियम त्याच्या बुद्धीला कमी पडला नाही; गेज बदलताना त्याचा वेळ मात्र गेला.

६/
१९२४ मध्ये पॅरिस येथे जागतिक बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ. स्पर्धा हव्या तर एकच नियम हवा, हे उघड होते. देशी नियम हळूहळू मागे पडले. त्यांना कोणी बंदी घातली नाही. ते शिकून स्पर्धेत उतरता येत नव्हते, एवढे कारण पुरेसे ठरले.

७/
आता दुसरी शाखा. भारतातून निघालेले चतुरंग युरोपात पोहोचून बदलले, आणि १७८० मध्ये ब्रन्सविक येथील योहान हेल्विग याने त्याच्या पटाचा विस्तार करून त्यावर तोफा, घोडदळ व भूप्रदेश आणले. हे ‘युद्ध-बुद्धिबळ’. पुढे प्रशियातील राइसवित्झ पितापुत्रांनी चौकटींचा पट टाकून नकाशा घेतला. पुत्राचे १८२४ मधील नियम ‘क्रीगश्पील’ या नावाने प्रशियन सैन्यात गेले.

८/
त्यातील खरी नवलाई म्हणजे पंच. खेळाडू आपले हुकूम पंचाला लिहून देत; कोणाला काय दिसते हे पंच ठरवी; लढाईचा निकाल फासे आणि कोष्टके पाहून सांगे. शत्रू कोठे आहे हे ठाऊक नसण्याची अवस्था प्रथमच खेळात आली. पण कोष्टके फार, वेळ फार. १८७६ मध्ये युलियस फॉन व्हर्दी द्यु व्हर्नुआ याने निराळा मार्ग सुचवला : कोष्टके बाजूला ठेवावीत, अनुभवी पंचाने आपल्या विवेकाने निकाल द्यावा. खेळ वेगवान झाला. मात्र आता सारा भार पंचाच्या निष्पक्षतेवर आला. पुस्तकाशी वाद घालता येतो; वरिष्ठ अधिकारी पंच असेल तर कनिष्ठाने काय करावे?

९/
अमेरिकन अधिकारी चार्ल्स टॉटन याच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगोस’ या युद्धखेळात हाच मोकळा पंच होता. ते जुने पुस्तक मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली याच्या हाती लागले. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनकालीन एका कल्पित गावाचा खेळ मांडला व प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली. खेळाडू आपसांत कारस्थाने करू लागले, ठरलेली लढाई झालीच नाही. दोघांनी द्वंद्व पुकारले तेव्हा वेस्लीला जागच्या जागी नियम रचावा लागला. प्रयोग फसला असे त्याला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळण्याचा आग्रह धरला.

१०/
त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन याने ही रीत अद्भुतरम्य जगात नेली. गॅरी गायगॅक्स याच्यासह त्याने रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपात निघाला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. नियमांत जागोजागी फटी होत्या. पुस्तिकाच सांगत होत्या की हे आराखडे आहेत, उरलेले आपल्या कल्पनेने भरावे. सूत्रधाराने ते भरले. थोड्याच वर्षांत गावोगावी निराळा खेळ सुरू झाला : देशी बुद्धिबळाचीच अवस्था, फक्त अमेरिकेत.

११/
पुढचे वळणही ओळखीचेच. मेळाव्यांतून स्पर्धा भरू लागल्या आणि त्याच गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात नियमांच्या एकसारखेपणाचा आग्रह धरला. मोकळीक देणाऱ्यानेच मर्यादा सांगितली. हा ढोंगीपणा नव्हता. अनोळखी माणसे एका पटाशी बसवायची तर समान रूळ लागतो, हे त्याला पाच वर्षांत कळले.

१२/
येथे दोन्ही खेळांच्या वाटा फुटतात. बुद्धिबळात हार-जीत असते, म्हणून नियम एक झाला आणि घरचे नियम विझले. कल्पित साहसांच्या खेळात कोणी कोणाला हरवत नाही; खेळाडूने काय करावे याला सीमा नसते, त्यामुळे सर्व प्रसंगांना पुरेल असे पुस्तक लिहिताच येत नाही. म्हणून तेथे सूत्रधाराचे स्वातंत्र्य टिकले. पण ते टिकवण्यासाठी एक पथ्य पाळावे लागते : बदललेला नियम सर्वांना आधी सांगितलेला असावा, आणि तो एखाद्याला पाडण्यासाठी मध्येच बदललेला नसावा.

१३/
त्यासाठी हल्लीचे खेळाडू पहिल्या डावापूर्वी एक बैठक घेतात. कोणता नियम पाळायचा, कोणता सोडायचा, कोणता विषय खेळात आणायचा नाही, हे तीत ठरते. तिला ते ‘सेशन झिरो’ म्हणतात. नाव नवे आहे. डाव मांडण्यापूर्वी प्याद्याला काय मिळणार आणि एकट्या राजाचे काय होणार, हे ठरवून घेणाऱ्या जुन्या खेळाडूंना त्यात नवे काही दिसले नसते.